पडद्यावरचा हात

आठवीला शिकवताना मी 'विद्युतधारा' म्हणत नाही, 'करंट' म्हणते. आमच्या तुमसरकडे हा शब्द सगळ्यांना कळतो. इथे करंट म्हणजे रानडुकरांसाठी धानाच्या बांधीभोवती सोडलेली उघडी तार.

प्रयोगशाळेतल्या बॅटऱ्या कधीच संपल्या, म्हणून मी लॅपटॉपवर सिम्युलेशन चालवते. पडद्यावर सेल, तार आणि बल्ब जोडले की निळे ठिपके पळू लागतात. बाजूला नाणं, खोडरबर, पेन्सिल आणि माणसाचा एक हात असतो. यातलं काहीही तारेच्या मध्ये ठेवायचं आणि बल्ब लागतो का ते बघायचं.

त्या दिवशी एका पोराने हात ठेवला. बल्ब विझला. हात तर खोडरबरासारखाच निघाला, असं तो म्हणाला आणि वर्ग हसला. हाताचा रोध मोठा, म्हणून करंट नाहीसारखाच, हे मी फळ्यावर लिहिलं आणि पुढे गेले.

सुट्टी झाल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी थांबली. मागच्या हंगामात तिचे वडील शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरच्या तारेला चिकटून गेले. ती तेव्हा सोबत होती, हे गावाला माहीत आहे.

"मॅडम, हातातून करंट जात नाही, तं मी बाबाले ओढलं असतं तं वाचले असते ना?"

मी लॅपटॉप पुन्हा उघडला. सेलचे व्होल्ट वाढतील तेवढे वाढवले. ठिपके हातातून सरकू लागले, हात मात्र होता तसाच गुलाबी राहिला.

"हाताले तं काहीच नाही झालं," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. यात चिखल नाही, ओले पाय नाहीत, छाती नाही. तार सेलवरची नव्हती, घरच्या लाईनवरची होती. तू हात लावला असतास तर तूही चिकटली असतीस. उभी राहिलीस हेच बरोबर केलंस.

"मंग हे खोटं आहे काय?"

"सेलपुरतं खरं आहे."

ती दप्तराच्या पट्ट्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "आईले सांगा ना तुमी. आई म्हणते, पोरगी पाहत उभी राह्यली."

मी तिच्यासोबतच तिच्या घरी गेले. आईने खुर्ची दिली, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, वर्गात सांगते त्याहून सोप्या. ओल्या अंगातून करंट कसा जातो, ओढणारा कसा अडकतो. तिने मधे एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर विचारलं, "तुमी होत्या काय तिथं, मॅडम?"

मी नाही म्हटलं.

"हे होती," ती म्हणाली. मुलीकडे तिने पाहिलंही नाही.

मुलगी चुलीजवळ उभी होती. तिने माझा अर्धा राहिलेला चहा उचलला आणि मोरीत ओतला. मला निघायला हवं होतं. मी बसून राहिले.