आठचं लेक्चर

"मॅडम, मी नोकरी सोडतोय," असं म्हणून जगताप समोरच्या खुर्चीत बसले.

पुण्यातल्या एका विद्यापीठात मी संख्याशास्त्राची विभागप्रमुख होते. आमच्याकडे वर्कलोड म्हणजे आठवड्यात कुणी किती तास शिकवायचं, ते. किती तास हे नियम ठरवतो, कधी हे विभागप्रमुख. सकाळी आठचं लेक्चर कुणालाच नको असतं, म्हणून ते सगळ्यांत ज्युनिअर माणसाला मिळतं. जगताप सगळ्यांत ज्युनिअर होते.

त्यांची बायको आयसीयूत सिस्टर. ड्यूटी सकाळी सातची. मुलगी चार वर्षांची, तिची शाळेची व्हॅन धायरीत साडेआठला यायची. आतापर्यंत तिला त्यांची आई सांभाळत होती, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग मुलगी शेजारणीकडे. आता शेजारीणही घर बदलून चालली होती. खराडीतल्या एका कंपनीनं त्यांना घरून करायची नोकरी देऊ केली होती.

जगताप सुरेख शिकवायचे. आठच्या लेक्चरला वर्ग भरायचा, यावरून काय ते समजा. "थोडे दिवस थांबा," मी म्हटलं आणि डायरेक्टरांकडे गेले.

"बाईंची अडचण असती तर समजू शकलो असतो," डायरेक्टर म्हणाले. "यांच्या मिसेस आहेत ना?"

"त्या नोकरी करतात, सर."

"मग त्यांनी वेळ बदलून घ्यावी."

"त्या आयसीयूत आहेत. तिथे उशीर झाला तर माणूस दगावतं. आपल्याकडे फार तर हजेरी राहते."

ते हसले नाहीत. "आज यांना दिलंत, तर उद्या सगळेच मागतील."

मी स्टाफरूममध्ये सरळ विचारलं, की कुणाला वेळ बदलून हवी आहे का. कुणीच काही मागितलं नाही. दोघांनी उलट संशयानं विचारलं, हे आता काय नवीन?

सगळे गेल्यावर केळकरबाई थांबल्या. आमच्यात सर्वांत सीनिअर, राहायला शनिवार पेठेत.

"आठचं मला द्या," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"अहो, हे रिटायर झालेत. सकाळपासून घरात असतात. कोथिंबीर कशी निवडायची ते मला शिकवतायत."

मी अदलाबदल करून टाकली. वर्कलोड होता तेवढाच राहिला. जगतापांनी कंपनीला नकार कळवला. मुलीला व्हॅनमध्ये बसवून ते दहाला यायला लागले.

डायरेक्टरांना मात्र हे असं परस्पर होणं खटकलं. कामाचा आणि घराचा समतोल साधायचा तर धोरण हवं, म्हणून त्यांनी समिती नेमली. मला सचिव केलं. बैठका रविवारी ठेवल्या, कारण इतर दिवशी सगळ्यांना काम असतं. सहा रविवारी बसून आम्ही ठरवलं, की शिक्षकांनी आपापसांत वेळ बदलून घ्यायला हरकत नसावी. पुढे तपासणीसाठी बाहेरची मंडळी आली, तेव्हा डायरेक्टर त्यांना म्हणाले, "ही प्रथा आमच्याकडे पहिल्यापासून आहे." मी मान डोलावली.

पुढच्या जूनमध्ये जगताप पुन्हा माझ्यासमोर बसले. मुलगी मोठ्या शाळेत गेली होती. शाळा सकाळी सव्वासातची, सुटायची दुपारी एकला.

"मॅडम, आता मला आठचं मिळालं तर बरं होईल. एकला तिला आणायला जाता येईल."

मी केळकरबाईंकडे गेले.

"जमणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी बाहेर पडते म्हणून हे आता पोहे करायला शिकलेत. परवा तर कोथिंबीरही स्वतः निवडली. एवढ्यात मोडता घालू नका."

त्यांचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. जगतापांना मी नऊचं आणि अकराचं दिलं, म्हणजे बाराला मोकळे होऊन मुलीला आणायला जाता यावं. मुलीला शाळेत सोडून ते थेट विभागात यायचे आणि रिकाम्या स्टाफरूममध्ये नऊपर्यंत आपला रखडलेला पेपर लिहायचे. तो त्या वर्षी छापूनही आला.

टाइमटेबल करताना मी एवढंच शिकले. सवलत देणं फारसं अवघड नसतं. ती एकदा अंगवळणी पडली, की परत मागायला मात्र समितीसुद्धा पुरत नाही.