मामांचा चौऱ्याण्णव नंबर

एका शब्दावर म्हातारपण काढणारा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो माझ्या वाट्याला बायकोचा मामा म्हणून आला. शब्द इंग्रजी, एवढासा: सेट. मामा पोस्टातून निवृत्त होऊन नरपडच्या घरी आले तेव्हा मामी जाऊन वर्ष झालं होतं आणि मुलगा वडोदऱ्याला नोकरीला होता. वेळ जावा म्हणून मामांनी जाडजूड शब्दकोश उघडला. त्यात हा शब्द चार पानं उलटली तरी संपेना. "एवढासा शब्द, पण घरात माणसं बघ किती!" असं मला म्हणाले आणि मग आपल्या रिकाम्या पडवीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या शब्दाची वही घातली.

वहीचा नियम कडक होता. शब्दकोशातला अर्थ चालायचा नाही. हातात काम असलेल्या माणसाच्या तोंडून आला पाहिजे. असा नवा अर्थ कुणी आणला, की त्याला नंबर मिळायचा, पुढे वाक्य, वाक्यापुढे आणणाऱ्याचं नाव, आणि वर परसातले दोन नारळ. शेजारच्या हंसाबेन शिवणकाम करायच्या. त्यांनी "बाही सेट करायची राहिली" म्हणताच मामा अर्धा कप चहा तसाच ठेवून वही आणायला धावले. गवंड्याचा स्लॅब सेट झाला, डोशाच्या गाडीवर सेट डोसा मिळाला, बोर्डीच्या मैदानावर पोरं व्हॉलीबॉलचा तिसरा सेट हरली, आणि नारळ झाडावर ठरेनात. एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरचा माणूस कुणाला तरी फोनवर म्हणाला, "पोराचं सेट झालं एकदाचं." तो उतरला तसे मामाही दोन थांबे आधीच उतरले. नोकरीचं सेट झालं की लग्नाचं, हे विचारायला त्याच्या घरापर्यंत गेले आणि जेवून परत आले. पाऊस मुक्कामाला आला की "मॉन्सून सेट इन झाला" म्हणायचे, पाहुणे निघाले की "चला, सेट ऑफ करा" म्हणून हाकलायचे. पायरीवरून पडून मनगट मोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका काका, हाड सेट करू." मामांनी कळवळत डाव्या हातानं पेन मागितलं. त्या पानावरची अक्षरं अजून वाकडी आहेत, आणि पुढे डॉक्टरांचं नाव आहे.

नाव नव्हतं ते फक्त माझं. मी तलासरीकडच्या पाड्यातला, सातवीला शाळा सुटलेला. अच्छाडला हायवेवर टोपलीत चिकू घेऊन उभा राहायचो. तिथून वर आलो, आता बागाच्या बागा झाडावर असतानाच उक्त्या घेतो. घासाघीस माझ्या रक्तात आहे. मी मामांकडे कधी एक अर्थ घेऊन गेलो नाही, तीन घेऊन जायचो आणि सहाऐवजी पाच नारळांवर तोडायला बघायचो. मामा वही उलटायचे. "जावईबापू, हा एकोणिसावर आहे. हा बत्तीसवर. हा तर हंसाबेननी कधीच नेला." हंसाबेन मशीनवरून हसायच्या, "भाई, तमे मोडा पड्या!" उशीर झाला म्हणणाऱ्याला मी बाजारात कधी सोडलं नसतं.

मग एका दुपारी मी माझा स्वतःचा माल घेऊन गेलो. म्हणालो, "लिहा. चिकूचं फळ सेट झालं. आमच्या धंद्यात रोज बोलतात."

मामांनी चष्मा पुसला. "दही सेट, सिमेंट सेट, फळ सेट. पातळ होतं ते घट्ट झालं. नंबर सत्तेचाळीस. हे आहे."

"काय आहे? मामा, दही लागणारच, सिमेंट धरणारच. फुलं शंभर येतात, नव्वद गळतात. सेट झालं म्हणजे झाड म्हणतं, याला मी सोडणार नाही. हे सिमेंट आहे होय?"

मामांनी चष्मा चढवला. मग हळूच म्हणाले, "असं? मग दाखव मला. तुझ्या बागेत येऊन बसतो. फूल कधी फळ होतं ते डोळ्यांनी बघतो आणि लिहितो."

मला वाटलं, हा माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. डॉक्टरांना, बसमधल्या परक्या माणसाला पुरावा मागितला नाही, तो मला मागतो! हंसाबेन समोर होत्या, म्हणून आणखी भडकलो. म्हणालो, "तुमच्यासारखा रिकामा नाही मी, झाडाखाली बसायला." मशीन थांबलं. मामांनी वही मिटली आणि दोन नारळ माझ्या पुढ्यात ठेवले. ते मी तिथेच टाकून आलो.

त्या दिवाळीनंतर मुलगा त्यांना वडोदऱ्याला घेऊन गेला. त्याला आता तीन वर्षं झाली. पडवीला कुलूप आहे, नारळ पडतात ते हंसाबेन उचलतात. मी फोन केला नाही. चूक त्यांची होती, असं मी बायकोला सांगत आलो. ती वाद घालत नाही. परवा चिकू निवडता निवडता एवढंच म्हणाली, "वडोदऱ्याहून दादाचा फोन होता. त्यानं मामांना सेट टॉप बॉक्स सांगितला. मामांनी नंबर दिला पंच्याण्णव."

"चौऱ्याण्णव. त्र्याण्णवपर्यंत झालं होतं."

"चौऱ्याण्णव नुसता आकडा टाकून ठेवलाय म्हणे. पुढे कोरं. दादा लिहायला गेला तर म्हणाले, ती जागा जावयाची आहे, तो दाखवणार आहे."

मी उठून बागेत गेलो. खालच्या फांदीवरच्या एका फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला. ते चौथ्या दिवशी गळलं. दुसऱ्याला बांधला, ते वाऱ्यानं गेलं. बायको म्हणाली, "अहो, वडोदऱ्याला जायला फूल कशाला लागतं? तिकीट पुरतं." मी म्हणालो, रिकाम्या हातानं मी कुठल्या दारात जात नाही. तिसऱ्याला दोरा बांधला आणि रोज सकाळी स्टूल टाकून समोर बसलो. गडी एकमेकांकडे बघून हसले. हसू दिलं.

आज सकाळी पाकळ्या खाली पडलेल्या होत्या आणि दोऱ्याच्या वर मुगाएवढा तपकिरी मणी होता. धरलं होतं. मी रोज बसलो होतो, डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, तरी ते कुठल्या घटकेला झालं हे मला सांगता येणार नाही. ते दिसतच नाही. बायकोला तिकीट काढायला सांगितलं आहे. पण मामांना काय सांगू? ते त्या वर्षी आले असते, दोन स्टुलं टाकून आम्ही दिवसच्या दिवस बसलो असतो, तरी त्यांना ते दिसलं नसतंच. पण बसलो असतो.