इटालियन मखर

अबू धाबीच्या म्युझियममध्ये त्या चित्रासमोर मी चक्क खिदळले. इटलीतलं, पाचेकशे वर्षांपूर्वीचं, तपकिरी शाईनं काढलेलं. नक्षीदार खांब, कमानीत कमान, तिच्यात आणखी कमान, जिन्यावर माणसं. आणि त्यातल्या एकाला तीन पाय! काढणाऱ्याचं मन बदललं, पण पठ्ठ्यानं जुना पाय खोडलाच नव्हता.

"ठरलं," मी नवऱ्याला म्हटलं, "यंदा हेच मखर."

त्याने कपाळाला हात लावला. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून घरचा गणपती पहिल्यांदाच आमच्याकडे, इथे अबू धाबीच्या खलिफा सिटीत, बसणार होता. "साधंच करा, पण नीट करा. नाहीतर पुढच्या वर्षी धाकट्याकडे," असं त्यांनी बजावलं होतं. माझ्या चित्रकलेबद्दल त्यांचं मत लग्नापासून एकच: रिकामटेकडे उद्योग. मला त्यांना एकदा तरी थक्क करायचं होतं.

मग काय विचारता! फ्रिजचा खोका, तपकिरी मार्कर, आणि माझ्या अंगात आलेलं. पुढची कमान मोठी, तिच्यामागची लहान, त्यामागची आणखी लहान. जागा हॉलच्या कोपऱ्यातली, हात-दीड हात, पण बघणाऱ्याला वाटावं लांबच लांब महाल. चतुर्थीच्या सकाळी नवऱ्याने मूर्ती उचलली, शेवटच्या कमानीपर्यंत नेली आणि थांबला.

"अगं, जात नाही."

"जरा तिरकी करून बघ."

"बाप्पा आहे तो, सोफा नाही!"

आई गं! लांबचं लहान दिसतं म्हणून मी ती कमान खरोखरच लहान कापली होती, आणि बाप्पाला बसवायचं होतं नेमकं तिथेच. आत जेमतेम एक वाटी मावली असती.

"ही इज टू बिग, आई," लेक गंभीरपणे म्हणाली. मला हसू फुटलं. नवराही हसायला लागला, तशी मूर्ती हलायला लागली. "हसवू नकोस, पडेल!" तो ओरडला आणि मी आणखीच हसत सुटले. एक डोळा मात्र फोनवर होता. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल कुठल्याही क्षणी येणार होता.

तेवढ्यात तो तीन पायांचा माणूस आठवला. खोडायचं नाही, पुढे काढत जायचं!

"यल्ला, चला! बाप्पा पुढे, उजव्या खांबाशी." मूर्तीबरोबर सुटा उंदीर आला होता, तो मी त्या वाटीएवढ्या कमानीत ठेवला. फिट्ट बसला.

कॉल आलाच. सासूबाई चष्मा सावरून बघत राहिल्या.

"केवढा मोठा हॉल गं तुमचा! पण उंदीर इतक्या लांब कशाला ठेवलास? मोदकापर्यंत यायला त्याला संध्याकाळ होईल."

नवऱ्याने शहाणपणा करून फोन बाजूने फिरवला. कोपरा, पुठ्ठे, चिकटपट्ट्या, सगळं दिसलं. खलास, मी मनात म्हटलं, गणपती गेला धाकट्याकडे.

सासूबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. मग आमच्याबरोबर फोनवरूनच त्यांनी आरती म्हटली. फोन ठेवता ठेवता मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी काय काढणार आहेस गं?"