मधला थर

काल चपलेचा सुटलेला तळ चिकटवायला बसलो. तरुणपणी गोंदाच्या थरावर प्रबंध लिहिलेल्या या विद्वानाची चप्पल सकाळी पुन्हा आ वासून पडलेली, आणि घरातले सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. पण रबर-सोल्युशनच्या त्या वासाने मला थेट महाडला, थोरल्या भावाच्या, दादाच्या सायकल-दुकानात नेऊन बसवलं.

एकोणीसशे साठच्या सुमाराची दुपार. मुंबईच्या एसटीला तासभर अवकाश होता. दादा ट्यूब घासत होता आणि मी बाकावर बसून दोन रबरी पट्ट्या नि त्यांच्यामधला गोंद समीकरणात मांडत होतो. आई गेल्यापासून दादा घरातही एकटा नि दुकानातही.

"काय लिवतोस रे एवढा? मला पन सांग की. गिऱ्हाईक नाय आत्ता."

"गोंदाचं गणित आहे, दादा. तुला नाही कळायचं."

तो पुन्हा ट्यूबकडे वळला. मग बोटाने सोल्युशन पसरत, ट्यूबलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "जाड लावला ना, तर मधला थरच सरकतो. पातळ हाय तर दोन्ही रबरं एकजीव होऊन ताणतात."

मी मान वर केली नाही. वाटलं, हा उगाच मध्ये मध्ये बोलतोय.

वर्षभराने माझ्या चाळीस पानी समीकरणांतून नेमकं तेच निघालं. प्रबंधात मी मार्गदर्शकांचे, ग्रंथपालांचे, अगदी टंकलेखकाचेही आभार मानले. दादाला पोस्टकार्ड टाकायचं तेवढं राहिलं, आणि आता महाडला ते घ्यायला कोणी नाही.