पुढे केलेला पाय

साकोलीच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली, तेव्हा आईने माझी बॅग खाली ठेवून माझा हात धरला होता. तिची बोटं विड्या वळून वळून पिवळी झालेली. माझा तळवा उलटसुलट करून तिने शेजारच्या बाईला दाखवला, "माह्या पोराचे हात पाहा कसे साफ हायेत." बाबा शाळेत शिपाई होते, बोलायचे कमी. गाडी हलताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "कोनाचे हाल करून पोट भरू नोको, बापू." त्यांच्या डोळ्यांपुढे गावातले, कुळांना राबवून घेणारे जुने मालगुजार असणार. मी मान डोलावली. बी.एस्सी. झालो होतो, पुण्यात औषधाच्या कंपनीत नोकरी लागली होती. मी कोणाचे हाल करणार?

औषधाची कंपनी, असंच मी तेव्हा सांगितलं आणि गावाकडचे तुम्ही सगळे मित्र आजही तेच सांगता. खोटं नाही ते. पण पुरतं खरंही नाही. वाघोलीच्या पुढे एक प्रयोगशाळा आहे. नवीन औषध माणसाला देण्याआधी तिथे जनावरांना देऊन बघतात. मी तिथल्या प्राणीघरात टेक्निशियन आहे. आधी उंदीर सांभाळले, मग ससे, मग बढती मिळाली आणि कुत्रे आले. बीगल जातीचे, लांब कानांचे, कानात नंबर गोंदलेले. हे कुत्रे स्वभावाने गरीब असतात, चावत नाहीत. म्हणूनच या कामासाठी त्यांना निवडतात.

वाघोलीत आपली पुष्कळ माणसं आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर. कुणी खराडीत कॉम्प्युटरपुढे बसतं, कुणी तिथेच गेटवर उभं असतं. रविवारी विहारात वंदनेला सगळे भेटतो. पंचशील सुरू झालं की पहिल्या शीलाला, जीवहिंसा न करण्याच्या, मी नुसते ओठ हलवतो. दुसऱ्या शीलापासून आवाज लावतो. शेजारी बसणाऱ्यांच्या ते कधी लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं.  मुलगी लहान असताना, मी कामावरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय ती तिला माझ्या मांडीवर द्यायची नाही. "वास येतो," म्हणायची.

आता मुख्य गोष्ट. कुत्र्याचं रक्त घ्यायचं तर पुढच्या पायातून घेतात. पूर्वी दोघं जण कुत्र्याला दाबून धरायचे, तिसरा सुई घालायचा. कुत्रा थरथरायचा, कधी मुतायचा. मला ते बघवेना. मी एक वेगळी पद्धत बसवली. आधी त्याच्या शेजारी जमिनीवर बसायचं, कानामागे खाजवायचं, पायावरून हात फिरवायचा आणि पाय उचलू दिला की बिस्किट. थोड्या दिवसांत मी नुसता शेजारी बसलो तरी कुत्रा आपणहून पाय पुढे करायचा. सुई गेली तरी हलायचा नाही. माझ्याकडे बघत राहायचा. साहेबांनी माझं कौतुक केलं, नवीन मुलांना शिकवायला लावलं. मलाही अभिमान वाटला. त्रास कमी केला, असं मी स्वतःला सांगायचो. आज वाटतं, मी त्रास कमी केला तो आमचा. त्याला तर नाही म्हणायचीही सोय ठेवली नाही.

अलीकडे काम संपलेल्या प्राण्यांना घर शोधून देण्याची पद्धत आली आहे. शहरातला एक छोटा गट ते बघतो. कुत्र्यांना ओळखणारा म्हणून मीही त्यात गेलो. पापक्षालन वगैरे म्हणू नका. जागा रिकामी व्हायला हवी होती, एवढंच आधी डोक्यात होतं. आमचे कुत्रे बाहेर आले आणि गवतावर पाय ठेवेनात. ऊन अंगावर पडलं तर मागे सरकायचे. मला पुण्यात पहिल्यांदा उतरलेला मी आठवलो. पण मी निदान माझ्या पायांनी आलो होतो. गटातल्या मुलीने मला बजावलं होतं, "काका, फॅमिलीला जुनं फार डिटेलमध्ये नका सांगू हं. लोक घाबरतात, मग डॉग रिटर्न येतो." अजून काही कुत्रे घराची वाट बघत होते. मला गप्प राहायला तेवढं कारण पुरलं. गप्प राहण्याची सवय जुनीच.

त्यातला एक कुत्रा नारायण पेठेत गेला, कुंदाताईंकडे. निवृत्त शिक्षिका, एकट्या, दुसरा मजला. तो कसा रुळलाय ते बघायला मी गेलो, तेव्हा दारातच घुटमळत होतो. मला ओळखून तो घाबरेल, पलंगाखाली घुसेल, आणि मग त्या विचारतील का घाबरला, अशी भीती होती.

"अहो, या आत. दारात उभं राहून चढलेला जिना वसूल होत नाही," कुंदाताई म्हणाल्या.

तो घाबरला असता तर बरं झालं असतं. तो धावत आला. अख्खं अंग हलवत, कान उडवत. मी सतरंजीवर बसलो, तसा शेजारी बसला आणि पाय पुढे केला.

"बघा! तुम्हालाही शेकहँड!" कुंदाताई खूश झाल्या. "याचं नाव पंत ठेवलंय. भारी रीतभात. खालच्या मजल्यावरची मुलं रांग लावतात हो, मी एकेक बिस्किट देते. कोणी शिकवलं म्हणायचं हे?"

"असतात काही हुशार," मी म्हणालो.

पायावर जिथे आम्ही केस भादरायचो, तिथे नवे केस येत होते. मी तो पाय हातात धरून बसलो होतो आणि पंत हलत नव्हता. चहा मी कसा प्यायलो, मला माहीत नाही.

त्यानंतर घरी जेवताना, गाडी चालवताना ती मुलांची रांग दिसायची. प्रत्येक हाताला तो पाय देतोय. प्रत्येक वेळी सुईची वाट बघतोय. पुढच्या रविवारी विहारातून निघालो तो थेट नारायण पेठेत गेलो. कुंदाताई पंताला परत करतील, गटाचं नाव खराब होईल, उरलेल्यांना कोणी घेणार नाही, हे सगळं मनात होतं. तरी बसल्या बसल्या सांगून टाकलं. सुई, बिस्किट, सगळं.

कुंदाताईंनी पंताला जवळ ओढून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या हातांनी?"

"हो."

"अजून जाता तिथे?"

"जातो." मुलीचं कॉलेज आहे, या वयात दुसरीकडे कोण घेणार, हे तोंडाशी आलं होतं. कारणं खरी आहेत, पण ती पंतापुढे मांडता येईनात.

"आणि गेल्या आठवड्यात माझ्या घरात बसून मला हुशार कुत्रा म्हणून सांगत होता. तेही माझा चहा पिऊन." त्यांनी बिस्किटांचा डबा उचलला आणि फडताळात अगदी वर ठेवला. "परत न्यायला आला असाल तर मिळणार नाही. तो आता इथला आहे. पण शिकवलंय तुम्ही, तर मोडायचंही तुम्हीच. दर रविवारी यायचं. जिन्याची सबब चालणार नाही."

तेव्हापासून जातो. काम सोपं आहे. मी बसतो, पंत पाय पुढे करतो, मी तो हळूच खाली ठेवतो. बिस्किट नाही, सुई नाही, काही नाही. नुसतं बसायचं. सुरुवातीला तो गोंधळायचा, आपलंच काही चुकलं म्हणून दुसरा पाय द्यायचा. तेव्हा मला खिडकीबाहेर बघावं लागायचं. कुंदाताईंना तो आता पाय देत नाही. त्यांच्या पायावर हनुवटी टाकून घोरतो. जिना चढतो, शेजाऱ्यांवर भुंकतोसुद्धा. "रुळला पेठेत," त्या म्हणतात. मला मात्र अजून देतो.

बाबा गेले. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. आई आहे. दिवाळीत गेलो की ती अजूनही आधी माझा हात धरते, उलटसुलट करते, आल्यागेल्याला दाखवते, साहेबाचा हात म्हणून. इतकी वर्षं मी तो सोडवून घेत आलो, बॅग उचलायचं निमित्त करून. पुण्यात माझा फ्लॅट आहे, दारावर नावाची पाटी आहे. पण घर म्हटलं की मला अजून तो धरलेला हातच आठवतो, आणि त्यातून स्वतःला सोडवणारा मी.

या वेळी हे तुमच्याआधी तिलाच सांगायला हवं होतं. फोनवर जमलं नाही, म्हणून या पत्रात तुम्हाला लिहून धीर गोळा करतोय. पुढच्या महिन्यात येतोय. अंगणातच तिला बसवीन, शेजारी बसेन, सगळं सांगेन. मग हात पुढे करेन. तिने धरला तर धरला, झिडकारला तर झिडकारला. मी हलणार नाही.