खिडक्या बंद आणि धुरी आत

ऐका गं बायांनो! बोलतेय मी, टाइप करतेय माझी सातव्या महिन्यातली नातसून रेवा. मला अक्षर येत नाही, तोंड तेवढं चालतं.

आज तिच्या तपासणीला सोबत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदरपणी आई धुरात राहिली तर पुढे मूल चिडकं, भित्रं होण्याची भीती वाढते. मी मोडक्या हिंदीत ऐटीत सांगितलं, "म्हणून तर मी संध्याकाळी सगळ्या खिडक्या लावते. कोलकात्याची हवा आत येऊच देत नाही!"

रेवानं त्यांच्यादेखतच, त्यांना कळेल असं हिंदीत विचारलं, "आणि मग नारळाच्या शेंड्या पेटवून घरभर धुरी कोण फिरवतं, आजी?"

"अगं, ती बाळाला दृष्ट लागू नये म्हणून!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आजपासून बंद," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन धुपाटणं माळ्यावर टाकलं, पण जीव थाऱ्यावर नाही. माझा मुलगा, म्हणजे रेवाचे चिडके सासरे, पोटात होता तेव्हा मी दिवसभर चुलीच्या धुरात असायचे. त्याच्या चिडकेपणाचा बोल मी मात्र आजवर त्याच्या आजोबांना लावला, त्यांच्यावर गेलाय म्हणून.

रेवा म्हणते, "काळजी करू नका." पण टाइप करता करता तिचा एक हात पोटावर जातोय, तो दिसतोय मला.

सांगा गं, इतक्या महिन्यांची धुरी आता परत कशी घेऊ?