नारोपंतांचे समास

नारोपंतांच्या हाती पोथी दिली की ते आधी तिची कड वाचायचे. पान डोळ्यांसमोर आडवे धरायचे, डावीकडचा समास वरून खाली, मग उजवीकडचा, आणि दोन्ही बाजू फिरून झाल्या की मगच मधल्या मजकुराकडे वळायचे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आले. मी ठाण्याहून नुकताच विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुय्यम कारकून म्हणून लागलो होतो. इंग्रजी बऱ्यापैकी येत होते आणि त्यामुळे जगातले बहुतेक लोक मला अडाणी वाटत. ग्रंथ सोडून कोपरे काय वाचता, असे मी त्यांना विचारले. ते शांतपणे म्हणाले, "मजकूर दहा घरी सापडेल, विनायकराव. समास एकदाच लिहिला जातो."

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले की त्यांच्या पाठीमागे मी त्याची नक्कल करून शिपायांना हसवीत असे. ते कल्याणचे, ग्रंथालयातले जुने कारकून. अंगाने किरकोळ, कानाच्या पाळ्या मात्र लांब, आणि खांद्यावर दोन उपरणी. एक अंगावरचे, दुसरे फक्त हात पुसायला. पोथीला हात लावण्यापूर्वी कोपरापर्यंत हात धुवायचे, कोरडे करायचे, आणि मग बोटे एकदा उन्हात धरायची. ओल बोटाच्या पेरात लपते, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रंथालयाच्या मुख्य इंग्रज साहेबाला हा सगळा सोवळ्याचा प्रकार वाटे. मलाही तेच वाटे, आणि साहेबाला जे वाटते ते आपल्यालाही वाटते याचा मला अभिमान होता.

आमच्या ग्रंथालयाची त्या वेळची कथा सांगितली तर आज कोणाला खरी वाटायची नाही. विद्यापीठाच्या परीक्षा सुरू होऊन कित्येक वर्षे झाली होती, झगे घालून पदव्या घेणे चालू होते, पण विद्यापीठापाशी पुस्तके म्हणाल तर दोन कपाटे. मग एका धनिकाच्या देणगीतून दगडी इमारत उठली. रंगीत काचा आल्या, छतापर्यंत सागवानी कपाटे आली, आणि ती भरायची कशाने हा प्रश्न पडला. विलायतेला परत जाणारे साहेबलोक सामान आवरताना नको असलेली पुस्तके आमच्याकडे पाठवीत. त्यामुळे वाघ कसा मारावा यावरचे ग्रंथ आमच्याकडे सात-आठ होते. मराठीला एकच कपाट होते, तेही दाराआड. दार उघडले की ते झाकले जाई.

नारोपंतांनी साहेबाला अर्ज केला की ठाणे, कल्याण आणि खाडीकाठच्या गावांतून घरोघरी पोथ्या पडून आहेत. परवानगी असेल तर त्या मी ग्रंथालयासाठी मागून आणतो. साहेब बरा माणूस होता. त्याने परवानगी दिली. फक्त त्याची एक हौस होती: कपाटातले प्रत्येक पुस्तक एका उंचीचे, चामड्याच्या बांधणीचे आणि सोनेरी आकड्याचे हवे. पंतांनी त्याच्याशी तीन दिवस वाद घालून एक नियम ठरवून घेतला. जे रुमालात, म्हणजे पोथीच्या कापडी वेष्टनात, बांधलेले असेल त्याला हात लावायचा नाही. जे उघडे असेल ते बांधणीला जाईल. हा नियम इंग्रजीत मीच लिहून भिंतीवर लावला. अक्षर चांगले आले होते.

मग दर रविवारी पंत पोथ्या मागायला निघत, आणि दोन-तीनदा मलाही घेऊन गेले. कल्याणात पारनाक्याजवळ एक वैद्य राहत. त्यांच्या घरी आयुर्वेदाची पोथी होती, आणि तिच्या समासात आजोबांपासूनचे अनुभव लिहिलेले होते: कोणत्या औषधाने कोणाला गुण आला, कोणाला उलटले. वैद्य चार वेळा नाही म्हणाले. पाचव्या वेळी पंतांनी घरातलीच एक दुर्लक्षित पडलेली पोथी उघडून त्यांना वाळवीची वाट दाखवली, आणि जशी नेतो तशीच राहील असा शब्द दिला. वैद्यांनी पोथी डोक्याला लावून हाती दिली.

पण मला आठवतो तो जोमा. खाडीकाठच्या दिवा गावाच्या बाजूला मिठागरात काम करणारा आगरी माणूस, उन्हाने करपलेला, पायाची कातडी मिठाने फाटलेली. त्याच्या झोपडीत संतचरित्राची एक हस्तलिखित पोथी होती. त्याच्या आजाच्या काळी एक हरिदास दर चैत्रात तिथे येई, चार दिवस पोथी लावी, आणि जाताना घरात वर्षभरात काय घडले ते समासात लिहून जाई. कोण जन्मले, कोणाचे लग्न झाले, पटकीत कोण गेले. तो हरिदास गेल्यावर त्याचा शिष्य येई, आणि तोही लिही. त्या घराण्याची तेवढीच लिखित आठवण होती. मी थोडे तुच्छतेनेच विचारले, तुला वाचता तर येत नाही, मग पोथी घरात ठेवून काय करतोस? जोमाने रुमाल सोडला, पाने मोजल्यासारखी उलटली आणि एका पानाच्या कडेवर बोट ठेवले. "ह्यो माजा बाप," तो म्हणाला. पुन्हा चार पाने उलटली. "ही बहीन. सा म्हैन्यांची गेली. मना वाचता येत नाय, पन कंचे पानाव कोन हाय, मना म्हाइत हाय."

पंतांच्या डोळ्यांत पाणी आले. पावसाळ्यात झोपडी गळते आणि पोथीला ओल लागते, म्हणून जोमा स्वतःच ती द्यायला तयार होता. उन्हाळ्यात येऊन बघून जाईन, एवढेच त्याचे मागणे होते. पंतांनी त्यालाही तोच शब्द दिला. रुमालसुद्धा तुझाच राहील, असे ते म्हणाले.

दोन वर्षांत रुमालांची दोन कपाटे भरली. दर वर्षी खंडेनवमीच्या आधी पंत ते रुमाल धुवायचे, कारण सरस्वतीपूजनाला पोथी मळक्या वस्त्रात असू नये. त्यांची रीत ठरलेली होती. दोन पोथ्या सोडायच्या, दोन रुमाल धुवायचे, वाळले की बांधायचे, मग पुढच्या दोन. या कामाला पंधरवडा लागे. त्या वर्षी पंतांना हिवताप आला आणि ते घरी राहिले. मला त्यांची कीव आली म्हणा, किंवा आपण हेच काम एका दिवसात उरकून दाखवू असा माज आला म्हणा. मी सगळ्या पोथ्या एकाच दुपारी सोडल्या. रुमाल शिपायाकडे धुवायला दिले. पाने सांडू नयेत म्हणून पोथ्या एकावर एक नीट रचून मोठ्या टेबलावर ठेवल्या. ते बांधणीला जाणाऱ्या पुस्तकांचे टेबल होते. हे मला माहीत होते, पण मधे सणाची सुट्टी होती आणि सुट्टीत कोण येतो, असे मला वाटले.

बांधणीवाला मुसलमान होता. त्याला दसऱ्याची सुट्टी नव्हती. टेबलावर जे उघडे होते ते तो नियमाप्रमाणे घेऊन गेला.

सुट्टीनंतर पंत अशक्त अंगाने कामावर आले आणि रिकामे टेबल बघून माझ्याकडे पाहू लागले. आम्ही दोघे बांधणीवाल्याच्या दुकानी धावत गेलो. निम्म्याहून अधिक काम झाले होते. पोथीची लांबट पाने साहेबाने ठरवलेल्या उंचीत बसावीत म्हणून दोन्ही बाजूंनी छाटली होती, आणि लाल चामड्यात शिवली होती. काम फार सुबक होते. बांधणीवाला बिचारा कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, कडा फार खराब होत्या, कोणीतरी रेघोट्या मारून ठेवल्या होत्या. जमिनीवर पट्ट्यांचा ढीग पडला होता. पंत खाली बसले आणि हात न धुता त्या पट्ट्या उपरण्यात भरू लागले. एकाही पट्टीवर पूर्ण ओळ नव्हती. नावे मधोमध चिरली होती. अर्धी चामड्यात गेली, अर्धी उपरण्यात.

साहेबाने चौकशी केली. मी कायम व्हायचा होतो, हुकूम त्याच महिन्यात निघायचा होता. मी तोंड उघडण्याआधी पंत म्हणाले, रुमाल सोडायला मीच सांगितले होते. साहेबाने त्यांच्याकडून पोथ्यांचे काम काढून घेतले आणि त्यांना आवकजावकीला बसवले. बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "तुमचे अजून सगळे व्हायचे आहे. माझे झाले." मी माझ्या टेबलाकडे वळलो. खरे तर मला बरे वाटले, आणि ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

वैद्यांकडे ते मला बरोबर घेऊन गेले. कशाला नेले, हे मला तेव्हा कळले नाही. मी दारातच उभा राहिलो. पंतांनी माझे नाव न घेता सगळे सांगितले. वैद्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला आणि ते म्हणाले, "पंत, तुम्ही नेलीत तेव्हा तिच्यात तीन पिढ्या होत्या. आता नुसता ग्रंथ उरला. तो तर छापील मिळतो." आम्ही पायरी उतरलो तसे मागे पाणी शिंपडल्याचा आवाज आला. कल्याणात त्यानंतर पंतांना कोणी पंगतीला आवर्जून बोलावले नाही. जोमाकडे ते एकटेच गेले. तो काय म्हणाला असे मी विचारले, तेव्हा एवढेच कळले की, जे उरले असेल ते आणून द्या, असे तो म्हणाला.

त्या पट्ट्या लावण्यात पंतांची पुढची सगळी वर्षे गेली. कागद, शाई, अक्षराचे वळण बघून ते एकेका घराच्या पट्ट्या वेगळ्या करीत, रुमालात बांधीत आणि ज्याच्या त्याला नेऊन देत. काहींनी घेतल्या, काहींनी दारातूनच परत पाठवल्या. वैद्यांनी घेतल्या आणि खाडीत नेऊन सोडल्या. मी एकदा पंतांचे समाधान करायला म्हणालो की ठाण्यातल्या ज्या घराने पोथ्या द्यायचे नाकारले, त्यांच्या सगळ्या वाळवीने खाल्ल्या. निदान आपल्याकडच्या पोथ्यांचा मजकूर तरी वाचला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "वाळवीने कोणाला शब्द दिला नव्हता, विनायकराव," ते म्हणाले. पुढे मी चढत गेलो. वार्षिक अहवालात मी दर वर्षी लिहीत असे की हस्तलिखिते उत्तम बांधणीत व सुस्थितीत आहेत. पाहुणे आले की लाल चामड्याची ती रांग मीच दाखवायचो, आणि पाहुणे मान डोलवायचे.

प्लेगच्या साथीत कल्याण ओस पडू लागले तेव्हा पंत गावाबाहेरच्या झोपडीत राहायला गेले आणि तिथेच वारले. मला दहाव्या दिवशी कळले. पंतांच्या पत्नी, आमच्या काकू, झोपडीच्या दारात बसल्या होत्या. त्यांनी एक रुमाल माझ्यापुढे ठेवला. घर सोडताना पंतांनी भांडीकुंडी मागे ठेवली आणि एवढाच बरोबर घेतला, असे त्या म्हणाल्या. हे एकच पोचवायचे राहिले होते, विनायकरावांना द्या, त्यांना ते घर माहीत आहे, असे ते सांगून गेले होते.

मी दिव्याला गेलो. जोमा म्हातारा झाला होता, पण मिठागराच्या बांधावरच होता. पंत गेल्याचे सांगितले तेव्हा त्याने डोक्यावरचे फडके काढून हातात घेतले. मी रुमाल सोडला. पट्ट्या पंतांनी एकाखाली एक क्रमाने लावून दोऱ्यात ओवल्या होत्या. जोमाने त्या बोटांनी चाचपल्या, एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली. मला वाटले तो बाप शोधतो आहे. "पान व्हता तवा वलखाचो," शेवटी तो म्हणाला. "आता ह्यान कोन कंचा, मना काय कलतं?"

मी वाचून दाखवू लागलो. एका पट्टीवर 'राम' होते, पुढे काय होते ते चामड्यात होते. दुसरीवर नुसते 'सहा महिन्यां' एवढे होते. मी तिथेच थांबलो. इतकी वर्षे लपवलेले तेव्हा बाहेर आले. रुमाल पंतांनी सोडले नव्हते, त्यांनी सोडायलाही सांगितले नव्हते, ते मी केले, असे मी त्याला सांगितले. तो चिडेल, निदान शिवी देईल, अशी मला आशा होती.

जोमाने पट्ट्या पुन्हा रुमालात ठेवल्या आणि गाठ मारली.

"पंत व्हते तवा सांगाचा व्हता," तो म्हणाला, आणि रुमाल काखेत घालून बांधावरून निघून गेला.